हरभऱ्याची मर आणि ट्रायकोडर्मा: पेरणीच्या आधी सुरू होणारं काम

हरभरा उगवून तीन-चार आठवडे झाले की शेतात एखादं झाड मान टाकतं. पानं अजून हिरवीच असतात, फक्त लोंबलेली. चार-आठ दिवसांत ते वाळतं, मग शेजारचं, आणि घाटे धरेपर्यंत तासातासांत, म्हणजे पेरणीच्या ओळीओळींत, नांगे (रिकाम्या जागा) पडलेले दिसतात. अशा वेळी दुकानात धाव घेऊन काहीही आणलं, रासायनिक असो की जैविक, तरी वाळलेलं झाड पुन्हा उभं राहत नाही. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशांवर जगणारी मित्रबुरशी; ती वापरणाऱ्यांपैकी बरेच जण नेमके याच वेळी पाकीट घेऊन येतात आणि मग "काही फरक पडला नाही" म्हणतात.

या बुरशीचं काम पेरणीच्या पंधरा दिवस आधी सुरू होतं. पहिल्यांदाच वापरणाऱ्यासाठी ते काम ओळीने इथे मांडतो. उदाहरण हरभऱ्याचं घेतलं आहे, कारण मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनच्या मागे हरभरा ही जोडी आता घरोघरी आहे आणि मर तिथे दरवर्षी भेटते. तूर, हळद, आलं, भाजीपाल्याची रोपं यांना काय वेगळं करायचं ते पुढे येईल.

आधी रोग कोणता ते पाहा

मान टाकलेलं झाड मुळासकट उपटा. खुरप्याने माती सैल करून काढा, ओढून नको. मूळ वरून चांगलं दिसलं तरी फसू नका. जमिनीलगतचा खोडाचा भाग धारदार सुरीने उभा चिरा. आत मधोमध तपकिरी-काळी रेघ गेलेली असेल तर ती मर. फ्युजॅरियम नावाची बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत शिरून त्या बंद करते, म्हणून जमिनीत ओल असूनही झाड सुकतं.

रेघ नाही, पण जमिनीलगत खोड कुजलंय, त्यावर पांढरा कापसासारखा थर आहे आणि त्यात मोहरीएवढे दाणे चिकटलेत, तर ती मानकूज. हे काम स्क्लेरोशियमचं. ही बहुधा पीक लहान असताना, जमिनीत ओल जास्त असताना येते. आणि घाटे भरताना ऊन वाढल्यावर झाडं गवती रंगाची होऊन एकदम वाळली, उपटताना सोटमूळ कट्‌कन तुटून निम्मं मातीतच राहिलं, बारीक मुळं दिसेनाशी झाली, तर ती कोरडी मूळकूज.

तिन्ही रोगांच्या बुरशा मातीत राहतात आणि तिन्हींवर ट्रायकोडर्माचा उपयोग होतो. मरीची बुरशी तर हरभरा नसतानाही सहा-सहा वर्षं मातीत तग धरते, त्यामुळे एक वर्ष पीक बदललं म्हणजे सुटलो असं होत नाही.

कशावर उपयोग नाही हेही आत्ताच कळलेलं बरं. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूमुळे होतो, सोयाबीनचा पिवळा मोझॅक विषाणूमुळे. तिथे ट्रायकोडर्मा टाकणं म्हणजे पैसे वाया घालवणं. टोमॅटो, मिरची किंवा आलं सुकत असेल आणि बुरशी की जिवाणू असा संशय असेल तर खोडाचा बोटभर तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा धरा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधट धागा पाण्यात उतरू लागला तर तो जिवाणूजन्य मर रोग समजा.

ट्रायकोडर्मा करते काय

ट्रायकोडर्मा ही मातीत मुळातच आढळणारी बुरशी आहे. 1932 साली रिचर्ड वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की ती दुसऱ्या बुरशीच्या धाग्यांना वेटोळे घालते आणि त्यांवर जगते. वेटोळे घातल्यावर ती अशी विकरं (एन्झाइम) सोडते की समोरच्या बुरशीची भिंतच विरघळते. याशिवाय ती मुळाभोवतीची जागा आणि अन्न आधी बळकावते, शत्रूला मारक द्रव्यं सोडते आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करते.

यातलं "जागा आधी बळकावणं" नव्या माणसाने मनात पक्कं धरावं. कोवळं मूळ बियातून बाहेर पडतं तेव्हा त्याच्याजवळ पहिल्यांदा कोण पोहोचतं यावर पुढचं बरंच ठरतं. बीजप्रक्रिया आणि शेणखत या दोन्ही गोष्टी त्यासाठीच करायच्या.

पाकीट घेताना

बाजारात मिळणारी बहुतेक ट्रायकोडर्मा टाल्कच्या म्हणजे शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळलेली असते. पाकिटावर ट्रायकोडर्मा विरिडी, हार्जियानम किंवा ॲस्पेरेलम यांपैकी नाव असतं. हरभऱ्यासाठी यातली कोणतीही चालते. नावापेक्षा पुढच्या गोष्टी पाहा.

सीएफयू म्हणून आकडा छापलेला असतो. तो एका ग्रॅममध्ये वाढू शकणारे किती जिवंत बीजाणू आहेत हे सांगतो. 2 × 10⁶ म्हणजे ग्रॅमला 20 लाख, आणि भुकटीसाठी हा किमान दर्जा आहे. केंद्रीय नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदत संपल्याची तारीख नसेल तर पाकीट परत ठेवा. मुदत बाकी असली तरी जितकं ताजं तितकं चांगलं, कारण कपाटात पडून राहिलेल्या पाकिटात बीजाणू रोज थोडे थोडे मरत असतात. पत्र्याच्या दुकानात उन्हाच्या बाजूला रचलेला माल तर तारखेत असला तरी घेऊ नये. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली या कृषी विद्यापीठांकडे आणि अनेक कृषी विज्ञान केंद्रांत ट्रायकोडर्मा मिळते. जवळ असेल तर तिथून घ्यायला माझी पहिली पसंती.

दुकानातली शेजारची पाकिटंही नीट वाचा. बिव्हेरिया, मेटारायझियम याही मित्रबुरशाच, पण त्या किडींसाठी. पॅसिलोमायसिस सूत्रकृमींसाठी. मायकोरायझा मुळांना स्फुरद पोचवायला मदत करते. "जैविक बुरशी द्या" एवढंच सांगितलं तर यातलं काहीही हातात पडू शकतं.

जिवंत आहे की नाही हे घरी ढोबळपणे पाहता येतं. मूठभर ज्वारी अर्धवट शिजवा, पाणी पूर्ण निथळा, उकळत्या पाण्यात धुतलेल्या काचेच्या बरणीत भरा. पूर्ण गार झाल्यावर चिमूटभर भुकटी टाकून हलवा आणि तोंडाला स्वच्छ फडकं बांधून सावलीत ठेवा. दोन-तीन दिवसांत पांढरी जाळी आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत तिच्यावर हिरवी झाक आली तर माल जिवंत आहे. आठवडा झाला तरी काही नाही, किंवा काळी, गुलाबी बुरशी नाहीतर आंबूस वासाचा चिकटा आला, तर त्या मालावर भरवसा ठेवू नका. प्रयोगशाळेच्या तपासणीची सर याला नाही, पण मेलेलं पाकीट नक्की ओळखू येतं. बरणी नंतर पुरून टाका.

शेणखतात वाढवणं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त वगळला जाणारा टप्पा हाच. कोरडी भुकटी तशीच रानात फेकली तर तिला खायला काही नसतं आणि वर ऊन असतं. आपल्या काळ्या जमिनी विम्लाकडे झुकलेल्या, तर ट्रायकोडर्माला किंचित आम्ल जमीन मानवते. त्यात सेंद्रिय कर्ब कमी. म्हणून तिला आधी शेणखतात रुजवायचं आणि खतासकट शेतात न्यायचं.

प्रमाण सोपं आहे: 100 किलो शेणखताला 1 किलो ट्रायकोडर्मा. एका एकरासाठी 200 ते 250 किलो खत आणि 2 ते 2.5 किलो भुकटी धरा. मिळाली तर खतात दहावा हिस्सा निंबोळी पेंड मिसळा.

खत पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर शेणाचा वास न येता मातीचा वास आला पाहिजे. उकिरड्याच्या मधोमध हात घातल्यावर गरम लागलं तर ते अजून कुजतंय. त्या उष्णतेत ट्रायकोडर्मा टिकणार नाही. तिला 25 ते 30 अंश तापमान सगळ्यात मानवतं.

झाडाच्या किंवा गोठ्याच्या सावलीत खत पसरा, भुकटी थरांमध्ये भुरभुरत फावड्याने नीट कालवा. पाणी झारीने शिंपडा. मूठ आवळली की गोळा झाला पाहिजे, पण बोटांच्या फटीतून पाणी निघता कामा नये. ढीग फूटभर उंचीचाच ठेवा, उंच केला तर आत हवा राहत नाही. वर ओलं गोणपाट झाका. प्लॅस्टिकही चालतं, पण त्यावर ऊन येणार असेल तर नको. तीन-चार दिवसांनी खालवर करा, कोरडं वाटलं तर पुन्हा शिंपडा. सात दिवसांत खत वापरता येतं. पंधरा दिवस मिळाले तर वाढ चांगली होते. गोणपाट उचलल्यावर खताच्या ढेकळांवर पांढरट-हिरवी बुरशी डोळ्यांना दिसते.

सोयाबीननंतर हरभरा घेणाऱ्यांची अडचण वेळेची असते. काढणी आणि पेरणी यांत अनेकदा आठवडाही मिळत नाही, मग ढीग लावायचा राहूनच जातो. सोयाबीनची पानं पिवळी पडायला लागली की ढीग लावा, म्हणजे मळणी होईपर्यंत खत तयार असतं.

गुळाच्या पाण्यात, 200 लिटरच्या टाकीत ट्रायकोडर्मा वाढवण्याची पद्धतही गावोगाव चालते. नव्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. उघड्या टाकीतल्या गुळाच्या पाण्यात यीस्ट आणि जिवाणूही तितक्याच जोमाने वाढतात आणि टाकीत नेमकं काय वाढलं हे नुसतं पाहून कळत नाही. शेणखतात निदान डोळ्यांना दिसतं.

खत शेवटच्या वखराच्या पाळीआधी, संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी पसरा आणि लगेच पाळी घाला. जमिनीत ओल असली पाहिजे. खत कमी असेल तर सगळ्या शेतात भुरका मारण्यापेक्षा पेरणीच्या ओळीत टाका. रासायनिक खत, राख किंवा चुन्यात मिसळून टाकू नका.

इथेच सोयाबीनच्या काडाचं बोलून घेऊ. मानकुजीची बुरशी न कुजलेल्या काडीकचऱ्यावर पोसली जाते. मळणीनंतरचं भुसकट आणि काड तसंच पसरून लगेच वर हरभरा पेरला तर तिला आयती मेजवानी मिळते. काड गोळा करून बांधावर ढीग लावा आणि त्याच ढिगात ट्रायकोडर्मा मिसळून कुजवा. पुढच्या हंगामाला खत होतं.

बीजप्रक्रिया

बियाण्याला किलोमागे 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा लावायची. विजयसारख्या मध्यम दाण्याच्या वाणाचं एकरी 25 ते 30 किलो बियाणं लागतं, म्हणजे 150 ग्रॅम पुरते. खर्च इतका कमी असलेलं दुसरं कोणतंही पीकसंरक्षण मला माहीत नाही. हिशेब मांडून पाहा: 5 ग्रॅममध्ये 1 कोटी बीजाणू, आणि किलोत साधारण 5,000 दाणे. दाण्यागणिक 2,000 बीजाणू पडतात, तेही माल चांगला असेल आणि ते दाण्याला नीट चिकटले तर.

चिकटण्यासाठी लिटरभर कोमट पाण्यात 125 ग्रॅम गूळ विरघळवून गार करून घ्या. सावलीत ताडपत्रीवर दहा किलो बियाणं पसरा. गुळाचं पाणी हाताने शिंपडत दाणे नुसते ओलसर करा. दहा किलोला पाव ते अर्धा लिटर पुष्कळ होतं. मग 50 ग्रॅम भुकटी भुरभुरवा आणि ताडपत्रीची टोकं आळीपाळीने उचलून बी खालवर लोळवा. हाताने चोळू नका, हरभऱ्याची टरफलं निघतात. प्रत्येक दाण्यावर हिरवट-राखाडी पातळ थर बसला की झालं. दाणे एकमेकांना चिकटून गोळे झाले असतील तर पाणी जास्त झालंय. बी पातळ पसरून सावलीत सुकू द्या.

रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र मिळवून देणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावायचे असतील तर ते ट्रायकोडर्मानंतर, दहा किलोला प्रत्येकी 250 ग्रॅम. अर्धा तास सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. आज लावून चार दिवसांनी पेरणी असं करू नका. भुकटी नाकात जाते म्हणून तोंडाला रुमाल बांधा. दम्याचा त्रास असलेल्याने हे काम दुसऱ्याकडे द्यावं.

रासायनिक बुरशीनाशकाचं काय, हा प्रश्न हटकून येतो. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला मारतं, टेब्युकोनाझोलसारखी औषधंही तिला सोसत नाहीत. विकतच्या बियाण्याला बहुधा आधीच औषध लावलेलं असतं, दाणे लाल-गुलाबी दिसतात. अशा बियाण्यावर पुन्हा ट्रायकोडर्मा चोपडून फायदा नाही. ती शेणखतातून जमिनीत द्या. घरचं बियाणं असेल तर बीजप्रक्रियेचा पूर्ण लाभ मिळतो. बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे औषधाचं पाणी बुंध्याशी ओतणं, करावी लागलीच तर तिच्या आणि ट्रायकोडर्माच्या मध्ये किमान पंधरा दिवस जाऊ द्या.

वाण, पेरणी आणि नंतरची पाहणी

मर सोसणारा वाण निवडल्याशिवाय ट्रायकोडर्मावर सगळा भार टाकू नका. विजय, दिग्विजय, जाकी 9218, फुले विक्रम हे वाण यासाठीच पुढे आले. तुरीत बदनापूर केंद्राचे बीडीएन 711, बीडीएन 716, बीएसएमआर 736 आहेत. रोगाला बळी पडणारा वाण आणि मरीने भरलेलं रान असेल तर ही बुरशी एकटी किती लढणार?

कोरडवाहू हरभरा सप्टेंबरच्या अखेरीपासून 10 ऑक्टोबरपर्यंत आणि बागायती 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर या काळात पेरतात. जमीन तापलेली असताना घाईने पेरलं तर मर वाढते. पाणी साचणारा भाग चरी काढून मोकळा करा.

पेरताना दोन-चार तासांत (ओळींत) ट्रायकोडर्मा न लावलेलं तेच बियाणं पेरा आणि बांधावर खुंटी ठोका. हे कोणी करत नाही, आणि म्हणूनच उपयोग झाला की नाही यावर वर्षानुवर्षं नुसत्या चर्चा होतात. पेरणीनंतर एका महिन्याने आणि फुलोऱ्यात दोन्हींकडे दहा-दहा मीटर तासातली उभी आणि मेलेली झाडं मोजून वहीत लिहा. मर शेतात सारखी पसरलेली नसते, म्हणून तीन-चार ठिकाणी मोजा. फरक शंभर टक्के दिसणार नाही. काही झाडं लावलेल्या तासांतही मरतील.

उभ्या पिकात मर दिसली तर ते झाड मुळासकट काढून शेताबाहेर जाळा. त्या जागी आणि भोवतीच्या निरोगी झाडांच्या बुंध्याशी लिटरला 5 ते 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा कालवून, फडक्याने गाळून ओता. पंपाचा नोझल काढून टाका, नाहीतर तो टाल्कने तुंबतो. पाणी मुळापर्यंत मुरलं पाहिजे, नुसतं पानांवर फवारून मुळाचा रोग हटत नाही. जमीन कोरडी असेल तर आधी हलकं पाणी द्या.

इतर पिकांत

तुरीत बीजप्रक्रिया हरभऱ्यासारखीच. मात्र मर बहुधा फुलं-शेंगांच्या वेळी, म्हणजे फार उशिरा दिसते, त्यामुळे शेणखतातून दिलेली ट्रायकोडर्मा तिथे जास्त कामाची. खोडावर खालून वर चढणारा जांभळट-तपकिरी पट्टा दिसला की ओळखा. तुरीत ज्वारीचं आंतरपीक घेतल्यानेही मर कमी राहते.

हळद आणि आल्यात कंदकुजीसाठी लागवडीच्या वेळी आणि पुढे भर देताना, असं दोनदा एकरी 2 ते 2.5 किलो शेणखतातून द्या. बेणं रासायनिक औषधात बुडवणार असाल तर ते आधी उरका, बेणं सावलीत सुकवा, आणि ट्रायकोडर्मा बेण्याऐवजी जमिनीतूनच द्या. कंदकुजीमागे पाणी साचणं आणि कंदमाशी ही दोन कारणंही असतात. गादीवाफ्याचा निचरा बिघडला असेल तर बुरशीला दोष देऊन उपयोग नाही.

मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं लावताना लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम कालवून मुळं दहा मिनिटं बुडवा आणि संध्याकाळी लावा.

घरात धिंगरी अळिंबीची शेड असेल तर मात्र ट्रायकोडर्माचा ढीग, पाकीट, कालवलेली घमेली सगळं तिच्यापासून लांब ठेवा. अळिंबीच्या पिशव्यांवर येणारी हिरवी बुरशी बहुतेक वेळा हीच असते. तिथे ती पिकाचा रोग आहे. शेतातून आल्यावर हातपाय धुऊन आणि कपडे बदलूनच शेडमध्ये जा.